चिंधूकाकांची बिनडांबरी वाट

आमचे चिंधूकाका डांबरावर पाय ठेवतात, चाक ठेवत नाहीत.

म्हणजे असं, की काका सायकलवरून येत असतात आणि पुढे डांबरी रस्ता आडवा येतो. काका उतरतात. दमलेलं करडू उचलावं तशी सायकल उचलून खांद्यावर घेतात, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतात आणि पलीकडच्या मातीत ती अलगद उतरवतात. मग एकदा घंटी वाजवतात. समोर माणूस नसतो, कुत्रंसुद्धा नसतं. लहानपणी मी विचारलं होतं, "काका, घंटी कोणासाठी?"

"चाकासाठी गो. सांगतो त्याला, आली आपली जागा, डोळे उघड."

मी बेहडपाड्याची. डोळखांबच्या डोंगराकडून मुरबाडच्या बाजूला उतरू लागलात, की साग आणि भाताची खाचरं यांच्या मध्ये आमचा पाडा आहे. काका आमचे शेजारी. त्यांच्या पडवीला आमची पडवी लागून. ते बांधकाम खात्यात मैलकामगार होते. ही नोकरी आता फारशी कोणाला माहीत नाही. एका माणसाच्या ताब्यात रस्त्याचा ठरावीक तुकडा असायचा. खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची, रस्त्याच्या दोन्ही कडांना, म्हणजे साइडपट्टीला, मुरूम टाकून धुमुसाच्या जड ठोकळ्यानं ठोकायचा, आणि काम चालू असताना गाड्या थांबवायला लाल निशाण धरायचं. काकांनी हे सगळं निवृत्त होईपर्यंत केलं. खाकी अर्धी चड्डी त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही.

आयुष्यभर डांबर ओतलेल्या माणसानं डांबराशी वैर धरावं, हे पाड्याला कधी समजलं नाही. काकांचं म्हणणं एकच. "डांबर मुकं असतं. मुरूम बोलतो. वला हाय का सुका, पुढं खड्डा हाय का चढ, समदं चाकाला सांगतो. डांबर काय सांगतं? गप पडून ऱ्हातं, आनि एक दिवस मागनं डंपर येतो."

मुरूम बोलतो हे ते नुसतं तोंडानं म्हणत नाहीत. नवा मुरूम आणला की चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात, थुंकतात आणि निकाल देतात. "हा टिकंल." किंवा "ह्यात माती जास्त, पयल्या पावसाला पळंल." त्यांचा निकाल चुकलेला मी पाहिला नाही. घरात मात्र त्यांना ही विद्या उपयोगी पडत नाही. काकी म्हणते, "मुरमात माती किती ते कळतं यांना. आमटीत मीठ नाय, ते कळत नाय."

काकांनी बेहडपाड्यापासून नाक्यावरच्या हायस्कूलपर्यंत एक वाट जुळवली आहे. जुळवली म्हणते, कारण बांधली असं म्हणता येणार नाही. तुकडे होतेच. पाड्यापासून ओहोळापर्यंत जुनी बैलगाडीची वाट होती. तिथून पुढे कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता होता. मग जंगलातली जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा. काकांनी हे तुकडे एकमेकांना शिवले. मध्ये जिथं काटेरी होतं तिथं कोयता चालवला, जिथं चिखल होता तिथं मुरूम टाकला. आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना असे दोन धोंडे रोवले, की मधून सायकल जाईल, बैल जाईल, डोक्यावर मोळी घेतलेली बाई जाईल, पण जीप अडकेल. मोटारसायकलवाल्यांना काका स्वतः अडवतात. "आवाज करनाऱ्याला हितं काम नाय. तुला जायला तो डांबरी हाय की."

या वाटेचा एक नियम आहे. वाट वापरणाऱ्यानं महिन्यातून एकदा एक घमेलं मुरूम टाकायचा. मुरमाच्या खाणीजवळ ढीग असतो, घमेलं काकांचं असतं, कष्ट आपले. आम्ही शाळेच्या मुली शनिवारी टाकायचो. काका बाजूला उकिडवे बसून बघायचे. "वतू नको, पसर. भाकरी थापतेस तशी."

एकदा लग्नाची जीप जवळची वाट म्हणून इकडे वळली आणि धोंड्यांत अडली. नवरदेवाचा मामा उतरून ओरडायला लागला, "ओ बाबा, मुहूर्त चाललाय! काढा धोंडा!"

"धोंडा नाय निघत," काका म्हणाले. "नवरा निघतो का बघा."

शेवटी नवरदेव निघाला. मुंडावळ्या बांधून, काकांच्या सायकलवर बसून, मागे छत्री धरून धावणारा भाऊ. पण त्याआधी काकांनी त्याच्याकडून घमेलं टाकून घेतलं, नव्या बुटांसकट. नवरदेव वेळेवर पोचला. त्याची मुलगी आता मी शिकवते त्या वर्गात आहे आणि त्याच वाटेनं शाळेत येते. तिच्या सायकलला घंटी काकांनी बसवून दिली आहे.

अलीकडे रविवारी ठाण्या-मुंबईची मंडळी येतात. गाडीच्या पाठीला सायकली लावून आणतात, जाड चाकांच्या. मुरमाच्या रस्त्याला ते ग्रॅव्हल म्हणतात. सिद्धगडाच्या पायथ्यापासून इकडे गाड्या नसलेल्या वाटा शोधत फिरतात. काकांना आधी हे पटेना. "मुरमावर चालवायला मुंबईवरनं येतात? यांच्याकडं मुरूम नाय?" मग एकदम कनवाळू होऊन म्हणाले, "नसंल बिचाऱ्यांकडं."

त्यांच्यातल्या एकानं मोबाइल पुढे करून विचारलं, "अंकल, हा रूट मॅपवर का नाही?"

"मॅपवर आला तं डंपरला बी दिसंल ना रे."

दुसऱ्याच्या कानात गाण्याच्या नळ्या होत्या. काकांनी त्याला थांबवलं, नळ्या काढायला लावल्या आणि म्हणाले, "आता चालव. ऐक." तो बिचारा गेला, पाचेक मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "खरंच अंकल, आवाज बदलतो." काकांनी त्याला घरी नेऊन नाचणीची भाकरी खायला घातली. पण घमेलं सोडलं नाही.

आता माझं सांगते. आमच्या घरात माझ्या आधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हायस्कूल नाक्यावर. डांबरी रस्त्यानं जायचं तर दगडखाणींचे डंपर, आणि ते चालवणाऱ्यांना घाई. माझ्या आईनं सरळ सांगितलं होतं, या रस्त्यानं पोरगी जाणार नाही. काका आमच्या पडवीत येऊन म्हणाले, "ह्या रस्त्यानं नाय जानार. माझ्या वाटंनं जाईल." मी त्या वाटेनं दहावीपर्यंत गेले. पुढे कॉलेजला एस्टीनं मुरबाडला गेले, पण एस्टी नाक्यावरून सुटायची आणि नाक्यापर्यंत पुन्हा तीच वाट. आज मी त्याच हायस्कूलमध्ये शिकवते. पदवीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "कागद चांगला जाड हाय."

पण वाट पूर्ण नव्हती. जाळरेषा संपते तिथून शाळेच्या फाटकापर्यंत तीनशे पावलं डांबरी रस्त्यानंच जावं लागायचं. काका त्याला "राह्यलेलं" म्हणायचे. "समदं झालं, राह्यलेलं राह्यलं." त्या राहिलेल्यासाठी ते रोज सकाळी दहा-वीसला लाल निशाण घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. नोकरीत असताना तो तुकडा त्यांच्याच ताब्यात होता, म्हणून निशाण खात्याचं होतं. निवृत्त झाल्यावर काकीच्या जुन्या लुगड्याचं झालं. डंपर थांबायचे. ड्रायव्हर ओरडायचे, "काय काका, रस्ता बापाचा काय?" काका निशाण न हलवता म्हणायचे, "पोरींचा हाय." शेवटची मुलगी फाटकात शिरली की निशाण गुंडाळायचे.

गेल्या वर्षी मात्र काकांचे गुडघे गेले आणि नजर धुरकटली. एका सकाळी त्यांनी डंपर गेला समजून निशाण खाली घेतलं, आणि मागून दुसरा आला. आठवीतल्या दोन मुली सायकलींसकट गटारात उतरल्या म्हणून वाचल्या. ओरखड्यावर निभावलं. त्या दिवसापासून मी निशाण धरू लागले, पण मला वर्ग असतो, आणि त्या दोन मुलींच्या घरी तर शाळा बंद करायचं बोलणं सुरू झालं. त्या तीनशे पावलांचा काहीतरी बंदोबस्त करायलाच हवा होता.

उपाय डोळ्यांसमोर होता. जाळरेषेच्या टोकाला एक भाताचं खाचर आहे. त्याच्या बांधाकडून सायकलभर रुंदीची पट्टी काढली, की वाट थेट शाळेच्या मागच्या दारात. खाचर काकांचंच होतं, पण त्यांनी ते मुलीच्या, वनिताताईंच्या नावावर केलेलं. त्या लग्न होऊन मुरबाडला असतात, शिवणकामाचं दुकान चालवतात. खाचर काका कसतात आणि तांदूळ काकी पोचवते. आता फक्त ताईंना विचारायचं होतं.

डंपर लुगड्याच्या तुकड्यानं थांबवणारा माणूस, पण मुलीला फोन लावेना.

"काका, लावते का फोन?"

"आता नको. पाऊस हाय, रेंज नसंल."

पाऊस संपला. "काका?"

"भात कापून होऊ दे गो."

भात कापून झालं. "तिच्या पोराचा पेपर हाय."

"काका, तिचा मुलगा चौथीत आहे."

"पेपर तो पेपर."

मग मी काकीला गाठलं. ती पडवीत नाचणी पाखडत होती. मी म्हटलं, "काकी, काका मुरबाडला ताईंकडे कधी गेलेच नाहीत का?"

"नाय. मीच जाते सणाला, एस्टीनं. ते सांगतात, डांबर हाय, सायकल येत नाय. एस्टीत बसत नाय. समद्यांना वाटतं येडा मानूस." सूप थांबलं. "येडा नाय गो. तुला म्हाईत नाय, तू ल्हान होतीस. नाक्याचा हा रस्ता आधी मुरमाचा होता. वनी सायकलनं शाळंत जायची, पयला नंबर यायचा. मग रस्ता डांबरी झाला. यांनीच वतलं डांबर, मजुरांबरोबर हुभं ऱ्हाऊन. डंपर पळाया लागले. एका डंपरानं वनीची सायकल ढकलली. पोरीला काय नाय झालं, सायकलचं चाक तेवढं वाकडं झालं. हे तिथंच होते, लांबनं बघत. त्याच दिवशी घरी येऊन बोलले, बास झाली शाळा. आठवीतनं काढली. पोर तीन दिस जेवली नाय." सूप पुन्हा हलू लागलं. "वाट तं मागनं जुळवली. तवर तिचं लगीन ठरलेलं. शाळा दिली नाय म्हनून खाचर दिलं."

ज्या वाटेनं मी शिकले ती वाट कोणासाठी निघाली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी वनिताताईंना फोन लावला आणि मुलींचं, डंपरचं, पट्टीचं सगळं सांगितलं. मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कल्पना, पट्टी द्यायला माझी ना नाय," ताई म्हणाल्या. "पोरींच्या शाळेला कोन ना बोलंल? पन माझी शाळा सोडवली तवा मला कोनी इचारलं नव्हतं. आता इचारायचं हाय ना? तं घरी येऊन इचारा म्हनावं. एस्टीनं नको. सायकलनं."

मी काकांना निरोप सांगितला.

"सायकलनं बोलली?"

"सायकलनं."

"तिला ठाऊक हाय ना, डांबर हाय?"

"काका, म्हणून तर."

काका उठले आणि सायकलच्या साखळीला तेल घालायला लागले. त्याच आठवड्यात तिला दोनदा घालून झालं होतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी स्कूटी काढली होती, पण त्यांनी ती परत लावायला लावली. "तिच्या घरघरीत माझ्या चाकाचं मला ऐकू येनार नाय." म्हणून मीही शाळेच्या दिवसांतली सायकल काढली. काकांनी कॅरियरला लाल निशाण लावलं होतं, आणि काकीनं तांदळाची पिशवी.

काकांनी डांबराला फसवायची युक्ती काढली होती. ते साइडपट्टीवरून चालवत होते. डांबराच्या कडेचा हातभर मुरूम, त्यावरून अगदी दोरी ताणल्यासारखे सरळ. वाटेतला प्रत्येक तुकडा त्यांनी तपासला. "हा कोनाचा मैल? झोपला होता वाटतं." "हा चांगला हाय, धुमुस मारलाय." मध्येच थांबून त्यांनी एका ठिकाणचा मुरूम चाखला आणि मान हलवली. मला वाटलं, आपण असेच ताईंच्या दारात पोचणार आणि काकांचा नियमही शाबूत राहणार.

मग काळू नदीचा पूल आला.

पुलाला साइडपट्टी नसते. कठड्यापासून कठड्यापर्यंत डांबर. काका उतरले. सवयीनं सायकल उचलायला गेले. ती कमरेपर्यंत आली, त्यापुढे येईना, आणि त्यांनी ती खाली ठेवली.

"मी उचलते," मी म्हटलं.

"नको."

त्यांनी निशाण काढलं, झटकलं, पुन्हा गुंडाळून लावलं. तांदळाची पिशवी घट्ट केली. चाकातली हवा दाबून पाहिली. करायला आणखी काही उरलं नाही तेव्हा डोळे बारीक करून पुलाच्या पलीकडे बघू लागले.

"कोन हाय गो तिकडं?"

पलीकडच्या टोकाला एक बाई उभी होती. निळी साडी, गळ्यात शिवणकामाची माप घ्यायची पट्टी तशीच.

"वनिताताई आहेत, काका."

"हितं कशाला आली?"

"तुम्ही इथं अडणार, हे त्यांना ठाऊक असेल."

काकांनी हँडल धरलं. एवढ्यात पलीकडून गडगड ऐकू आली. नजर गेली तरी तो आवाज काकांना चुकणार नव्हता. हात निशाणाकडे गेला.

"डंपर हाय ना? तिच्या मागनं?"

"हो," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "काका, थांबवलाय त्यांनी."

ताई रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या होत्या, डंपरकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ. एक हात वर. हातात काही नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलत होता. ताई जागच्या हलल्या नाहीत.

काका सायकलवर बसले आणि डांबरावरून निघाले.

इतकी वर्षं त्यांना मी सायकलवर पाहिलं, पण त्या दिवशी ते नवशिक्यासारखे चालवत होते. हँडल डगडगत होतं. मी मागून जात होते, जवळ मात्र गेले नाही. पूल संपला तेव्हा ते ताईंच्या अगदी मागे जाऊन थांबले. ताईंनी हात खाली न घेता मान वळवली.

काकांनी रात्रभर काहीतरी पाठ केलं होतं, असं काकीनं मला सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

"बाय," ते म्हणाले, "खाचरातनं वाट देशील का? पोरींच्या शाळंला." आणि मग, "तवा बी इचाराया पायजे होतं."

ताई डंपरकडे बघत राहिल्या. हॉर्न चालूच होता.

"दिली," त्या म्हणाल्या. "आता कडंला या बाबा. तो मानूस कधीचा पोंगा वाजवतोय."

मग त्यांनी काकांच्या हातातून सायकल घेतली आणि हात खाली केला. जाताना ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, रस्ता काय बापाचा हाय काय?"

"हो," ताई म्हणाल्या. "यांनीच केलाय."

पुढच्या महिन्यात बांध फोडून पट्टी काढली. पहिलं घमेलं ताईंनी टाकलं. टाकण्याआधी चिमूटभर मुरूम जिभेवर ठेवला, डोळे मिटले, थुंकल्या आणि म्हणाल्या, "टिकंल." काकांनी तो पुन्हा चाखून पाहिला नाही. त्या दोन मुली आता रोज येतात. दहा-वीसला रस्त्यावर कोणी उभं राहत नाही, पण काका सवयीनं त्या वेळी खाचराच्या बांधावर येऊन बसतात.

डांबराबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. रस्ता आडवा आला की अजून उतरतात. गुडघ्यामुळे उचलता येत नाही, म्हणून जो कोणी जवळ असेल त्याला सायकल पलीकडे न्यायला लावतात, घंटी मात्र स्वतः वाजवतात. फक्त महिन्यातून एका रविवारी ते साइडपट्टीनं मुरबाडला जेवायला जातात. मी एकदा त्यांना चिडवलं, "काका, मग त्या पुलावर काय करता? तिथलं डांबर मुकं नाही का?"

काकांनी घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"तेवढं बोलतं," ते म्हणाले.